अंगठा वाळेस्तोर

दुकानदार विचारतो, "कोणासाठी पाहिजे?"
मी म्हणते, मशीनसाठी.
तो हसतो. हसू दे.

बँकेचं अंगठ्याचं मशीन, साबणाच्या दोन वड्यांएवढं,
अन् त्याच्यासोबत मी, बेचाळीस वर्षांची,
स्कूटीवर, किटाळी ते मेंढेगाव,
मधात दोन रपटे.
मशीन भिजलं तर कमिशनातून कापतात.
मी भिजले तर कोणी काही कापत नाही.

तीन रेनकोट झाले आतापर्यंत.
पहिला गुलाबी. लेडीज म्हणून दिला.
लेडीज म्हणजे गुडघ्यापर्यंत, फुलाफुलांचा,
अन् खिसा नाही.
बाईजवळ खिशात ठेवायला काय असते,
असं शिवणाऱ्याला वाटलं असेल.
दुसरा डोक्यातून घालायचा, घोंगडीसारखा.
पुलावर वारा आत शिरला
अन् अख्खा माझ्या तोंडावर आला.
समोरून धानाचा ट्रक.
त्यानंतर तो मी सांदवाडीत सरपणावर टाकला.
तिसरा नवऱ्याचा. बाह्या चार बोटं लांब,
ब्रेक धरायला गेलं की हातात आधी बाही येते.
देवकाबाई म्हणाली, "नाटकातलं अस्वल दिसून राह्यली तू."

म्हणून आज नागभीडच्या बाजारात
ताडपत्रीच्या दुकानात मी वेळ काढून आली आहे.

उलटा करून पाहते. शिवणीवर पट्टी आहे का.
पाणी शिवणीतून येते, कापडातून नाही.
हे मला कोणी सांगितलं नाही,
माझ्या उजव्या खांद्याला माहीत आहे.

खिशात तांब्याभर पाणी ओतते.
"अवो बाई, हे काय करून राह्यल्या?"
चहा सांगा, मी म्हणते. चहा संपेस्तोर पाहू.
चहा संपतो. खालची फरशी कोरडी.

मग घालून तिथंच मांडी घालते,
माझं अर्धं काम लोकांच्या छपरीत बसूनच होते.
मागे उसवत नाही.
उठते. मान वळवते. टोपी मानेसोबत वळते का?
नाही तर बाजूनं येणारी यष्टी दिसतच नाही.
काळा नको. ढगाखाली काळी बाई
ट्रकवाल्याला झाड वाटते.

शेवटी पिवळा. गड्यांचा. डबल एक्सेल.
साडेआठशे म्हणाला, सातशे वीसला दिला.
"पोरगी पाहाले येतात, तेही इतकं पाहत नाहीत."

मंगळवारी मेंढेगावात पोचले,
पोटाशी मशीन, कोरडं,
उकडलेल्या बटाट्यासारखं कोमट.

गिरजाबाई नन्नावरे रोवण्यावरून उठून आली,
अंगावर युरियाच्या पोत्याची खोळ,
कंपनीचं नाव पाठीवर उलटं.
एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झालं,
डोक्यावर शिवणच येत नाही.
मी ते पाहत राहिले जरा वेळ.

अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, जुळत नाही.
पदराला पुसून पुन्हा. जुळत नाही.
सकाळपासून चिखलात असलेला अंगठा,
बांधीचे धुरे पाण्याखाली जावे
तशा त्याच्या रेषा गेलेल्या.

"मी मीच आहो न, बाई," ती म्हणाली.
मला माहीत आहे, मी म्हटलं. याला माहीत नाही.

घरात चूल विझलेली, टॉवेल ओला.
तेव्हा तिचा हात धरला
अन् माझ्या खिशात घातला,
तोच खिसा, चहाभर पाणी धरून राहिलेला.
त्यातून पाणी बाहेर येत नाही,
तर आतही येत नसेल.

दोघी बसलो छपरीत, खांद्याला खांदा,
एक हात तिचा माझ्याकडे.
ती यंदाच्या रोवण्याचा भाव सांगत होती,
कोणाच्या बांधीत किती बाया, कोणी चहा दिला नाही.
मधातच म्हणाली, "केवढ्याचा व हा?"
मी साडेतीनशे सांगितले.
"महाग देला," ती म्हणाली,
अन् खिशातल्या खिशात
अंगठा बोटावर घासून पाहिला,
वाळला का.